बत्तीस पायांची आयसी आणि माझा थरथरता हात

माझा उजवा हात थरथरतो. लई नाही, पण बशीत कप ठेवताना खळखळ ऐकू येते एवढा. हे आधीच सांगून टाकतो, कारण बारक्या कंपोनंटच्या सोल्डरिंगचा विषय निघाला की समोरचा पहिलं हेच म्हणतो, ते आपलं काम नाही ओ, त्याला हात स्थिर लागतो. मीपण दोन वर्षं हेच म्हणत बसलो. आज माझ्या हातनं चौदा बोर्ड झालेत, प्रत्येकावर एक बत्तीस पायांची आयसी म्हणजे चिप आणि तिच्याभोवती रेझिस्टर-कपॅसिटरचे तीस-चाळीस बारके दाणे, त्यातले बारा बोर्ड सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, चालू आहेत, आणि हात अजून तसाच थरथरतोय. म्हणून लिहायला बसलो. ज्याला वाटतंय की आपल्याला जमणार नाही त्यानं एकदा वाचावं.

मी आयटीआयवाला इलेक्ट्रिशियन. मोटार रिवाइंडिंग, स्टार्टर, पॅनेल, लूमचं वायरिंग, पंचवीस वर्षं हेच. आमच्यात डाग द्यायचा, म्हणजे सोल्डरनं जोडायचं, तर ६० वॅटचा सोल्डरिंग आयर्न, त्याच्या टोकाला बोटाएवढा जाड बिट, तांब्याचा लग दणकून तापवायचा आणि सोल्डर पाण्यासारखं वाहवायचं. तिथं हात थरथरला काय आणि नाही काय, सारखंच.

आमच्याकडं टॉवेलचा कारखाना असलेले एक अन्ना आहेत, मी त्यांचं काम पहिल्यापासून बघतो. त्यांच्या लूमवर पीक काउंटर बसवलेले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लूमच्या क्रँक शाफ्टचा एक फेरा झाला की बाण्याचा एक धागा पडतो, तो एक पीक. शाफ्टवर एक लोखंडी बोल्ट लावायचा, त्याच्यासमोर प्रॉक्सिमिटी सेन्सर, बोल्ट समोरून गेला की एक मोजायचं, एवढंच काम. पण कुठल्या पाळीत किती माल निघाला ते त्याच्यावरच कळतं, त्यामुळं काउंटर बंद पडला की मालक आणि कामगार दोघांची कटकट सुरू. हे काउंटर बंद पडायचे आणि दुरुस्त व्हायचे नाहीत, पूर्ण बोर्ड बदला म्हणायचे. मी एक उघडून बघितला तर आत सगळं एसएमडी, म्हणजे भोकात पाय न घालता बोर्डाच्या वरच डाग द्यायचे तांदळाच्या कणीएवढे तुकडे, आणि मी झाकण परत लावून टाकलं. त्या दिवशी अन्नांना जे बोललो की "हे आपल्या हातचं नाही अन्ना", ते मला नंतर लई दिवस टोचत राहिलं.

मुलगी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होती. तिनं ते ऐकलं आणि म्हणाली, पप्पा आपण आपलाच बोर्ड बनवू की. तिनं सर्किट काढलं. एटीमेगा ३२८पी ही आयसी, सेन्सर आणि आयसीच्या मध्ये पीसी८१७ ऑप्टोकपलर म्हणजे लूमकडचा करंटचा गोंधळ आत यायला नको, १२ व्होल्टचे ५ करायला एएमएस१११७, बाकी रेझिस्टर कपॅसिटर. मी म्हणालो मोठी आयसी घे ना, पाय भोकात घालायची, बेसमध्ये बसवू, जळली तर काढून दुसरी. ती म्हणाली, लूमवर बेस टिकेल का? आणि ते खरं होतं. चालू लूमच्या फ्रेमला हात लावून बघा, दिवसभर हादरे. बेसमधली आयसी त्या हादऱ्यानं हळूहळू वर सरकते, हे मी जुन्या मशीनमध्ये स्वतः बघितलंय, दाबली की मशीन चालू व्हायचं. शिवाय जुन्या डबीच्या मापात बसवायचं होतं. म्हणून एसएमडी. मी एवढंच म्हणालो की दाणे जरा मोठे घे. तिनं ०८०५ साइज घेतली, म्हणजे २ मिलिमीटर लांब आणि सव्वा मिलिमीटर रुंद. माझ्यासाठी तीच मोठी. वीस बोर्ड मागवले.

पहिल्या बोर्डाचं काय केलं ते सगळं सांगतो, कारण त्यात जेवढ्या चुका आहेत त्या माझ्यासारखा जुना माणूस हमखास करणार.

घरातला २५ वॅटचा साधा आयर्न घेतला, सुईसारखा टोकदार नवीन बिट आणला. वाटलं बारीक काम म्हणजे बारीक टोक. बिट पाच मिनिटांत काळा पडला, सोल्डर धरेना, तर मी काय केलं, कानस घेतली आणि घासला. जुने तांब्याचे बिट आम्ही कायम घासायचो, हाताला सवयच तशी. पण आताचे बिट आत तांबं आणि वरून लोखंडाचा पातळ थर असे असतात, तो थर गेला की सोल्डरमधलं कथिल आतलं तांबं खायला लागतं. दोन संध्याकाळींत त्या बिटच्या टोकाला खड्डा पडला. बिट काळा पडला तर कानस लावायची नाही, पितळी जाळीच्या गोळ्यात खुपसून काढायचा आणि लगेच ताजं सोल्डर लावून ओला ठेवायचा, काम संपल्यावरसुद्धा टोकावर सोल्डरचा थेंब ठेवूनच बंद करायचा.

दुसरी चूक, कपॅसिटर सगळ्या पट्ट्यांतून सोडवून एका वाटीत ओतले. रेझिस्टरवर आकडे असतात, १०३ म्हणजे १० वर तीन शून्य, १० हजार ओहम, भिंगातनं वाचता येतं. या बारक्या सिरॅमिक कपॅसिटरवर काहीच लिहिलेलं नसतं, सगळे एकाच बिस्किटी रंगाचे. वाटीभर माल ओळखू येईना म्हणून बाजूला ठेवून द्यावा लागला. आता एका वेळी एकच पट्टी बाहेर, त्या किमतीचे सगळे दाणे लावून झाले की पट्टी पाकिटात, मग दुसरी.

तिसरी चूक सगळ्यात मोठी. एका हातात चिमट्यानं दाणा धरलेला, दुसऱ्या हातात आयर्न, मग सोल्डरची तार कोण धरणार? म्हणून मी बिटवर सोल्डरचा थेंब घ्यायचो आणि तो नेऊन दाण्याला चिकटवायचो. तो थेंब चुन्यासारखा मळकट बसायचा, पॅडला म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या ठिपक्याला धरायचाच नाही, दाणाच बिटला चिकटून वर यायचा. मग मी अजून दाबायचो, अजून तापवायचो. हात थरथरतोय तो वेगळाच. शेवटी एक दाणा काढायला गेलो तर त्याच्याबरोबर पॅडपण सोलून आलं, कांद्याच्या पापुद्र्यासारखं. बोर्डाचं तांबं खालच्या फायबरला चिकटवलेलं असतं, लई तापलं की ती पकड जाते आणि वर दाब पडला की उचकटतं. तो बोर्ड गेला. मी टेबल आवरलं आणि मुलीला सांगितलं की तूच कर. ती काही बोलली नाही, पण बोर्डाचं पाकीट उचललंपण नाही तिनं, तिथंच ठेवलं.

आठवडाभरानं मोबाईलची काच बदलायला नवी पेठेत गेलो होतो. दुकानात बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, चार फुटांच्या टेबलावर काम करत होता. माझे बोर्ड त्याच्या कामापुढं म्हणजे बैलगाडी. मी बघत उभा राहिलो, मग न राहवून विचारलं, बाळा तुझा हात हलत नाही का रे?

तो म्हणाला, "हलतोय की काका, सगळ्यांचाच हलतोय. तुम्ही पेस्ट लावता का आधी?"

मी म्हणालो तारेत असतंच की फ्लक्स, म्हणजे तीच पेस्ट. त्यानं मान हलवली आणि एक भंगार बोर्ड माझ्यापुढं सरकवला, "बसा". पुढचं अर्ध्या तासाचं शिक्षण मला आयटीआयच्या दोन वर्षांत मिळालं नव्हतं, आणि त्यानं एक रुपया घेतला नाही. गिऱ्हाईक आलं की उठून जायचा, परत यायचा, माझ्या हाताकडं बघायचा आणि एकच सांगायचा, "दाबू नका ओ, टेकवा नुसतं".

त्यानं जे दाखवलं ते असं. तारेच्या पोटात फ्लक्स असतो हे खरं, पण तार बिटवर वितळवली की तो तिथंच दोन सेकंदांत धूर होऊन जातो. तुम्ही तो थेंब दाण्यापर्यंत नेईस्तोवर त्यात नुसता धातू उरलेला, वर हवेनं ऑक्साइडची साय धरलेली. फ्लक्सचं काम ती साय काढायचं. साय असली की सोल्डर पसरत नाही, पॅडला धरत नाही, गोळा होऊन बसतं. म्हणून फ्लक्स वेगळा, आधी, जिथं डाग द्यायचाय तिथं. मग थेंब नेला तरी चालतो, थेंब पॅडला लागला की जिवंत झाल्यासारखा पसरतो. आणि सोल्डर तुमच्या हातामागं जात नाही, उष्णतेमागं जातं. जिथं तांबं तापलेलं आणि साफ आहे तिथं ते आपसूक ओढलं जातं, जिथं बोर्डाचा हिरवा रंग आहे तिथं थांबतं. तुम्ही फक्त बिट टेकवायचा. थोडा इकडं थोडा तिकडं टेकला तरी सोल्डर आपल्या जागी जाऊन बसतं. मी एवढे दिवस हातानं सोल्डर बसवायला बघत होतो.

घरी येताना फ्लक्सची डबी घेतली, पातळ ०.५ मिलिमीटरची तार घेतली, ६३/३७ वाली, म्हणजे ६३ टक्के कथिल आणि ३७ टक्के शिसं. हे मिश्रण बरोबर १८३ डिग्रीला वितळतं आणि थंड होताना मध्ये लगदा अवस्था न होता एकदम घट्ट होतं, त्यामुळं हात जरा हलला तरी सांधा बिघडायला वेळच मिळत नाही. माझ्यासारख्याला हे फार उपयोगी. बिनशिशाची तार २१७ डिग्रीच्या पुढं वितळते, चालते, पण शिकताना त्रास देते. आणि टेंपरेचरचा आकडा लावता येणारा आयर्न घेतला, ३४० वर ठेवतो. बिट टोकदार नाही तर पटाशीसारखा चपटा, दोन-अडीच मिलिमीटरचा. बारक्या कामाला रुंद बिट कसा, असं वाटतं, पण सुईच्या टोकातनं उष्णता उतरतच नाही, चपट्याची पूर्ण कड टेकते आणि एका सेकंदात काम होतं. कमी वेळ टेकला की पॅडपण वाचतं.

आईनं त्या रात्री डबी बघितली. आम्ही विडी घरकुलात राहतो, आईनं तीस वर्षं विड्या वळल्यात. तिनं विचारलं, "काय करलालास एवढं, हा डिंक कशाला?" मी तिला सांगितलं की हे लावलं नाही तर सोल्डर धरत नाही. ती म्हणाली, "मग पानासारखंच आहे की. पान भिजवलेलं नसलं तर हात कितीबी चांगला असू दे, फाटतंयच." लहानपणी मी बघायचो, तेंदूची पानं पाण्यात बुडवून फडक्यात गुंडाळून ठेवायची, मऊ झाल्याशिवाय कात्री लावायची नाही. नवीन बाया कोरडी पानं घेऊन बसायच्या, पान फाटलं की स्वतःच्या हाताला नावं ठेवायच्या. आईची बोटं आता वाकडी झालीत, सांधे धरलेत, पण पान भिजलेलं दिलं तर अजून वळून दाखवते. मला त्या पोराचं बोलणं तिच्या या वाक्यानं पक्कं कळलं.

आता एक ०८०५ दाणा मी कसा लावतो ते. दोन पॅड असतात. आधी एकाच पॅडवर फ्लक्सचा ठिपका आणि जरासं सोल्डर, फुगवटा दिसेल न दिसेल एवढं. दुसरं पॅड सपाटच ठेवायचं. चिमट्यानं दाणा कमरेला धरायचा, बोर्डावर पाठ टेकवून सरकवत सरकवत पॅडपाशी आणायचा, हवेतनं आणायचा नाही. दुसऱ्या हातानं सोल्डरवाल्या पॅडवर बिट टेकवला की ते वितळतं, मग दाणा आत ढकलायचा, बिट उचलायचा, चिमटा अजून सोडायचा नाही, एक आकडा मोजायचा, मग सोडायचा. आता दाणा एका बाजूनं पकडलेला आहे. चिमटा ठेवून द्या, हात मोकळा झाला, तार घ्या, दुसऱ्या पॅडला बिट आणि तार एकदम, एक सेकंद. मग पहिल्या बाजूला परत जरा फ्लक्स आणि बिट, म्हणजे तिथला घाईचा डागपण चकचकीत होतो. ही शेवटची पायरी लोक गाळतात, गाळू नका. सांधा कसा दिसायला पाहिजे तर दाण्याच्या टोकापासून पॅडच्या कडेपर्यंत उताराला आत वळलेला. वर गोळी बसल्यासारखा फुगलेला दिसला तर समजायचं खाली धरलेलं नाही, ड्राय सोल्डर.

हाताचं म्हणाल तर दोन्ही मनगटं टेबलाला टेकलेली, कोपरंपण, आणि दोन्ही हातांच्या करंगळ्या एकमेकींना टेकवतो. मग थरथर राहते पण दोन्ही हात एकत्र हलतात, चिमटा आणि बिट यांच्यातलं अंतर बदलत नाही. चहा कामाच्या आधी नाही, नंतर. डोक्याला लावायचं भिंग आहे, चाळिशी लागल्यावर त्याशिवाय गत्यंतर नाही.

आणि पंखा. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा बेचाळीस-त्रेचाळीसला, पंखा बंद करून बसणं म्हणजे शिक्षा, पण पंखा लावला की वारा बिट थंड करतो, धूर तोंडावर आणतो आणि दाणे उडवतो. उडालेला दाणा फरशीवर शोधू नका, दुसरा घ्या. मी पहाटे पाचला बसायला लागलो, साडेसातपर्यंत. गल्लीत शांत, लाईट पण त्या वेळेला सहसा जात नाही, आणि हात रात्रीपेक्षा कमी हलतो हे मला तेव्हा लक्षात आलं. दिवसभर मोटारी उचलून रात्री बसायचो ते चूकच होतं. टेबलावर खायचं काही ठेवत नाही, काम झालं की साबणानं हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावत नाही, शिसं पोटात जायला नको. धूर येतो तो शिशाचा नसतो, या टेंपरेचरला शिशाची वाफ होत नाही, तो फ्लक्सचा असतो, पण तोही छातीत घ्यायचा नाही, खिडकीपाशी बसायचं.

आयसीची गोष्ट वेगळी. सात मिलिमीटरचा चौकोन, चारी बाजूंना आठ-आठ पाय, एका पायाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ०.८ मिलिमीटर. पाहिल्यावर वाटतं की प्रत्येक पायाला वेगळा डाग द्यायचा, आणि तिथंच घाम फुटतो. तसं करायचंच नसतं. आयसी पॅडवर ठेवून भिंगातनं चारी बाजू जुळवायच्या, यालाच खरा वेळ लागतो, मला दहा मिनिटं लागतात आणि मी ती देतो. मग एका कोपऱ्याच्या पायाला थेंब, परत चारी बाजू बघायच्या, सरकली असेल तर तो एक डाग गरम करून सरळ करायची, मग समोरच्या तिरप्या कोपऱ्याला थेंब. आता ती हलत नाही. मग एका बाजूच्या आठी पायांवर फ्लक्सची रेघ, कंजूषी नाही. बिटच्या कडेला थोडं सोल्डर घ्यायचं आणि पायांच्या टोकांवरनं हळू ओढत न्यायचं, एका दिशेनं.

पहिल्यांदा केलं तेव्हा मी श्वास रोखून बसलो होतो. बिटमागं सोल्डरची एक लाट पायांवरनं चाललेली दिसते, फ्लक्स उकळतोय, आणि लाट पुढं सरकली की मागं एक-एक पाय सुटा होत जातो, दोन पायांच्या मधलं सोल्डर फाटतं आणि अर्धं इकडच्या पायाला, अर्धं तिकडच्या पायाला ओढलं जातं. पायांची टोकं एकामागोमाग एक चमकतात. माझा हात त्या वेळी हलत होता, मला भिंगात बिट हलताना दिसत होता, आणि तरी पाय सुटे होत होते. मी मुलीला झोपेतनं उठवून दाखवलं.

शेवटच्या दोन पायांत सोल्डर साचून राहतं, शॉर्ट होतं. घाबरायचं नाही. परत फ्लक्स, बिट साफ करून कोरडा टेकवला की जास्तीचं बिटवर येतं. नाही आलं तर तांब्याची विणलेली विक त्याच्यावर ठेवून वरनं बिट, विक ते पिऊन घेते, विक आणि बिट एकदमच उचलायचे, आधी बिट उचलला तर विक तिथंच चिकटते आणि ओढली की पाय वाकतो.

तिसऱ्या बोर्डवर मी आयसी उलटी लावली. आयसीच्या एका कोपऱ्यात बारका ठिपका असतो, तो एक नंबरचा पाय. चौकोनी आयसी चारी दिशांनी बसते, पाय जुळतात, सगळं छान दिसतं. मी सगळे बत्तीस पाय सुंदर सोल्डर केले आणि मग लक्षात आलं की ठिपका भलत्याच कोपऱ्यात आहे. ब्लोअर मागून आणला, गरम हवेनं आयसी सुटायची वाट बघायला पाहिजे होती, मी जरा आधीच चिमट्यानं उचलली आणि बत्तीस नंबरचं पॅड निघालं. नेमकं ते, सेन्सरचा सिग्नल जिथं येतो तेच, ते नसलं तर काउंटर मोजणारच नाही. पण इथं माझा जुना धंदा कामाला आला. रिवाइंडिंगची ४० गेजची इनॅमल वायर माझ्याकडं रीळभर, ०.१२ मिलिमीटरची, केसाच्या जवळपास. तिचं टोक ब्लेडनं खरवडून कथिल चढवलं, एक टोक पायाला, दुसरं त्या ट्रॅकला जिथं ऑप्टोकपलर येतं तिथं. तो बोर्ड आज चालू आहे. आता पाय सोल्डर करायच्या आधी ठिपका मुलीला फोटो काढून पाठवतो, ती हो म्हणाली की मगच आयर्न.

रेग्युलेटरनं पण शिकवलं. एएमएस१११७ ला तीन पाय आणि मागं एक रुंद पत्रा. त्या पत्र्याखाली बोर्डावर मोठं तांबं ठेवलेलं असतं, उष्णता पसरायला, आणि तेच तांबं आयर्नची उष्णता पण खातं. इथं बिट टेकवून एक सेकंद पुरत नाही, आयर्न ३८० ला नेऊन रुंद कड टेकवून तीन-चार सेकंद थांबावं लागतं, सोल्डर कडेपर्यंत पसरलं की मगच उचलायचं. आणि तो पत्रा ग्राउंड नाही, ५ व्होल्टचा आउटपुट आहे. मी सवयीनं ग्राउंड समजून मीटर लावला आणि अर्धा तास नसलेला फॉल्ट शोधत बसलो.

सगळं लागलं की लगेच सप्लाय देत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, फ्लक्स पूर्ण धुऊन काढतो. पुष्कळ जण म्हणतात राहिला तरी चालतो. लूमवर नाही चालत. तिथं हवेत कापसाची धूळ असते, चिकट फ्लक्सवर तिचा थर बसतो. धुतल्यावर मीटर बीपवर, ५ व्होल्ट आणि ग्राउंड शॉर्ट नाही ना, आयसीचे शेजारशेजारचे पाय एकमेकांशी बोलत नाहीत ना, आणि मगच १२ व्होल्ट.

पहिले चार बोर्ड अन्नांकडं लावले आणि बाराव्या दिवशी एक बंद पडला. मोजता मोजता मध्येच शून्य व्हायचा, परत चालू व्हायचा. टेबलावर आणला की एकदम व्यवस्थित. मी समजलो की आयसीचा पाय असणार, बत्तीसच्या बत्तीस परत गरम केले, फरक नाही. शेवटी बोर्ड हातात धरून पेन्सिलीच्या मागच्या बाजूनं एक-एक जागा टकटक करत गेलो. बारक्या दाण्यांचं काही झालं नव्हतं. सप्लायची वायर जिथं स्क्रूनं आवळतो तो हिरवा कनेक्टर, त्याचा मोठा पाय, जो मी सगळ्यात सोपा म्हणून पटकन उरकला होता, त्याच्या भोवती केसाएवढी गोल भेग. पाय थंड होता, वरनं सोल्डर ओतलं होतं, पायाला धरलंच नव्हतं, बारा दिवस हादरे खाल्ले आणि सुटलं. पंचवीस वर्षं जे काम करतोय त्याच कामात मी घाई केली, याचं मला आयसी उलटी लावली त्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या एका बोर्डवर स्क्रूच्या भोकाजवळचा कपॅसिटर तडकला. डबीचा तळ जरा वाकडा, स्क्रू आवळला की बोर्ड वाकतो, आणि हे सिरॅमिकचे दाणे वाकणं सहन करत नाहीत, काचेसारखे तडकतात, बाहेरून दिसतपण नाही. मुलीनं पुढच्या डिझाइनमध्ये तो दाणा भोकापासून लांब नेलाय. या बोर्डांना मी स्क्रूखाली रबराचा वायसर घातला, आणि वायर कनेक्टरच्या आधी डबीलाच बांधली, म्हणजे ओढ बसली तर डबीवर बसावी, सांध्यावर नाही.

परवा अन्नांकडं गेलो होतो. पाळी बदलायची वेळ, लूम थांबलेले, तेवढ्यात एक डबी उघडली. हा तो चौथा बोर्ड, महिन्यापूर्वी कनेक्टरचा पाय परत केलेला. आत कापसाचा पांढरा थर, ब्रशनं झाडला, भिंग लावलं. पायाभोवती भेग नाही, उतार अजून चमकतोय. अन्ना खांद्यावरनं वाकून बघत होते, त्यांना भिंगाशिवाय काय दिसणार, तरी विचारलं, "ठीक आहे ना?" मी भिंग काढून त्यांच्या हातात दिलं. ते बराच वेळ बघत राहिले, मग आयसीकडं बोट करून म्हणाले, एवढे पाय तुम्ही केलात? तेवढ्यात भोंगा झाला, जॉबरनं आवाज दिला, मी झाकण लावलं, चारी स्क्रू हातानं फिरेपर्यंत आणि वर पाव फेरा, आणि लूम चालू झाला.